फेरफाराला निशाणी पडली, म्हणजे आम्ही हरलो का? (सरकारी कागद कोर्टात सिद्ध करण्याबद्दल)

पाणंद :

नमस्कार. माझ्या आत्याचा वाटपाचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात २०२१ पासून चालू आहे. आत्याचं वय झालंय, ऐकू कमी येतं, त्यामुळे तारखांना मीच तिच्यासोबत जाते. मागच्या तारखेला जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितेय. जाणकारांनी सांगावं.

आत्याचं सरतपासणीचं शपथपत्र (म्हणजे तिची आपल्या बाजूची साक्ष, लेखी) दाखल केलं. सोबत यादीने सातबारा, आठ-अ, आजोबांच्या मृत्यूचा दाखला आणि आत्याचा शाळा सोडल्याचा दाखला दिला होता. सगळ्या झेरॉक्स. दोन कागदांवर नोटरीचा गोल शिक्का होता, मला वाटलं तेवढं पुरे. समोरच्या वकिलांनी उभं राहून हरकत घेतली आणि साहेबांनी एकाही कागदाला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) दिली नाही. 'आर्टिकल अ', 'आर्टिकल ब' अशा खुणा करून कागद तसेच फाइलला ठेवले.

मग उलटतपासणी सुरू झाली. समोरच्या पक्षाच्या, म्हणजे चुलत्यांच्या वकिलांनी १९७१ च्या एका फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची) नक्कल आत्याच्या हातात दिली. तहसीलच्या सही-शिक्क्याची. आजोबांनी वर्दी (नोंद बदलण्यासाठीचा अर्ज) देऊन आपला हिस्सा थोरल्या भावाच्या नावावर केला, असं त्यात लिहिलंय. आत्या म्हणाली, मला यातलं काही माहीत नाही. तरीही त्या नकलेवर निशाणी ३८ पडली.

येताना एसटीत आत्या फार बोलली नाही. उतरायच्या आधी एवढंच म्हणाली, "शिक्का त्यांच्याकडे आहे गं."

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. आमचा सातबाराही सरकारीच आहे, मग तो का चालला नाही? आणि त्यांच्या फेरफाराला निशाणी पडली म्हणजे आजोबांनी हिस्सा सोडला हे कोर्टाने मान्य केलं का?

दिवाणी बाजू :

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण आत्याबाईंची झोप त्याच्यामुळे गेली असणार. नाही. निशाणी पडली म्हणजे कागद पुराव्यात वाचायला घेतला. त्यात लिहिलेलं खरं आहे असं कोर्टाने अजून म्हटलेलं नाही.

आता पहिलं. तुमचा दावा २०२१ चा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, पण त्याच्याच कलम १७० प्रमाणे त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणं जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्याने चालतात. म्हणून मी जुनी कलमं सांगतो. कुणाचं प्रकरण त्या तारखेनंतरचं असेल तर कंसातली नवी कलमं बघा, मजकूर जवळपास तोच आहे.

कलम ७४ (नवं ७४ च) सांगतं की सार्वजनिक दस्तऐवज कोणते. सरकारी अधिकारी, शासकीय मंडळं, न्यायाधिकरणं यांच्या कृतींचे अभिलेख हा एक प्रकार. आणि खासगी दस्तऐवजांचे जे सार्वजनिक अभिलेख ठेवले जातात तो दुसरा. सातबारा, फेरफार नोंदवही, जन्म-मृत्यू नोंदवही, ग्रामपंचायतीचा नमुना ८, न्यायालयाचा निकाल, मतदार यादी हे सगळं त्यात येतं. आता अशी नोंदवही कोर्टात रोज उचलून आणता येत नाही. शंभर दाव्यांत तिची गरज असते. म्हणून कायद्याने सोय केली की ज्याच्या ताब्यात नोंदवही आहे त्या अधिकाऱ्याने नक्कल द्यायची, खाली ही खरी नक्कल आहे असं लिहायचं, तारीख टाकायची, सही करायची, नाव आणि हुद्दा लिहायचा आणि शिक्का वापरण्याचा अधिकार असेल तर शिक्का मारायचा. हे कलम ७६ (नवं ७५). अशी नक्कल दिली की नोंदवहीतला मजकूर सिद्ध होतो, कलम ७७ (नवं ७६). आणि कलम ७९ (नवं ७८) प्रमाणे ती नक्कल अस्सल आहे असं न्यायालयाला गृहीत धरावंच लागतं. त्यासाठी तहसीलदारांना साक्षीला बोलवावं लागत नाही. म्हणून आत्याबाईंनी 'माहीत नाही' म्हटलं तरी निशाणी पडली.

पण या सोयीला एक अट आहे, आणि तिथेच तुमचे कागद अडले. मूळ दस्तऐवज सार्वजनिक असेल तर दुय्यम पुरावा (मुळाऐवजी दिलेला पुरावा) म्हणून फक्त प्रमाणित नक्कल चालते, दुसरी कुठलीही नाही. कलम ६५ च्या शेवटच्या परिच्छेदात (नवं ६०) हे स्पष्ट शब्दांत लिहिलंय. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की त्याला दाखवलेल्या कागदाशी झेरॉक्स जुळते. नोटरीच्या ताब्यात सातबाऱ्याचं दप्तर नसतं. राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन असो की वकिलाने मारलेला 'ट्रू कॉपी' शिक्का असो, त्यांचंही तेच.

हे सगळं तुमच्या वकिलांनी शपथपत्राच्या आधी बघायला हवं होतं, हे मी मनापासून म्हणतो. दावा दाखल करताना झेरॉक्स लावायची आणि पुरावा आला की धावपळ करायची ही आमच्या पेशातली वाईट सवय आहे आणि तिची किंमत पक्षकार मोजतो. पण तुमचं नुकसान भरून येण्यासारखं आहे. तलाठ्याची मूळ सही असलेला ताजा उतारा घ्या, मृत्यूच्या नोंदीचा दाखला नोंदणी करणाऱ्या कार्यालयातून नव्याने घ्या, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १४(३) खाली ते दाखल करण्याची परवानगी मागा. उशीर का झाला ते खरंखरं लिहा.

जुनं दप्तर :

मी तहसीलच्या अभिलेख कक्षात नोकरी केली, आता निवृत्त आहे. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी खिडकीच्या आतली बाजू सांगतो.

नकलेचा अर्ज आला की आधी गाव आणि साल बघायचं, मग त्या गावाचा रुमाल काढायचा. जुन्या फेरफार नोंदवह्या लाल कापडात बांधलेल्या असतात. कडा झिजलेल्या, पान उलटताना खाली हात धरावा लागतो. एकाने नक्कल उतरवायची आणि दुसऱ्याने मूळ पानाशी रुजुवात घ्यायची. नकलेच्या पायाशी ते सगळं लिहिलेलं असतं: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, नक्कल करणार कोण, रुजुवात घेणार कोण, आणि शेवटी 'खरी नक्कल' म्हणून अधिकाऱ्याची सही. ताई, चुलत्यांच्या नकलेची प्रत तुमच्या फाइलला असेल. ती काढा आणि आधी हा पायथा वाचा. रुजुवातीची सही कोरी आहे का, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा आहे का.

मग मजकूर वाचा. गाव नमुना ६ ला चार रकाने असतात. पहिल्यात नोंदीचा क्रमांक, दुसऱ्यात हक्काचं स्वरूप, तिसऱ्यात गट किंवा सर्व्हे नंबर, चौथ्यात तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. लोक दुसरा रकाना वाचतात आणि घाबरतात. खरी गोष्ट चौथ्यात असते. नोटीस बजावली का, कुणी हजर होतं का, हरकत आली का, नोंद मंजूर कुणी केली, हे तिथे सापडतं. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंध असलेल्या सगळ्यांना लेखी कळवल्याशिवाय नोंद प्रमाणित करायची नसते. तुमच्या आजोबांनी वर्दी दिली असेल तर ती कुणासमोर दिली हे बघा.

रानवाट :

धाग्यात घुसतो, माफ करा. माझा प्रश्न डिजिटल सातबाऱ्याचा. शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला आहे. त्यावर तलाठ्याची शाईची सही नाही. कोर्टात चालेल का, की पुन्हा सज्जावर, तलाठ्याकडे जाऊ?

दिवाणी बाजू :

रानवाट, दोन वेगळे सातबारे आहेत, त्यांची गल्लत करू नका. फुकट बघता येतो तो विनास्वाक्षरी सातबारा. तो माहितीपुरता असतो, कोर्टात त्याचा उपयोग नाही. दुसरा तुम्ही काढलाय तो, डिजिटल स्वाक्षरीचा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला आणि स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली आहे आणि शासन हा उतारा कामकाजाला चालवतं. कोर्टात तुम्ही देता ती त्याची छापील प्रत. समोरच्याने हरकत घेतली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा प्रश्न निघू शकतो. जुन्या कायद्यात ते ६५-ब, नव्यात कलम ६३, आणि नव्यात त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराने भरायचा आणि एक तज्ज्ञाने.

या ६५-ब वरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा मोठा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणूक याचिकेतून आला, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुराव्यात आणायचं होतं आणि अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. न्यायालयाने म्हटलं की प्रमाणपत्र आवश्यकच आहे, पण मागूनही मिळत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवता येतं. हातात साधन असताना स्वस्थ बसू नका, एवढा बोध त्यातून घ्यावा.

माझा सल्ला सरळ आहे. वाद नसेल तर डिजिटल उतारा लावा. जमिनीवरूनच भांडण असेल तर मूळ सहीचा उतारा घ्या. आणि जुने हस्तलिखित सातबारे जरूर काढा. संगणकीकरण करताना नावं गळाल्याची, क्षेत्र चुकल्याची उदाहरणं मी हाताळली आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त होतो, पण चूक कुठे शिरली हे जुना उतारा समोर असल्याशिवाय कळतच नाही.

पाणंद :

सगळ्यांचे आभार. जुनं दप्तर काका, काल रात्री नक्कल घेऊन बसले. पायथा बरोबर आहे, रुजुवातीची सही आहे, शिक्का आहे. चौथ्या रकान्यात लिहिलंय, "वर्दी देणार समक्ष हजर. मजकूर कबूल. हरकत नाही. नोंद मंजूर." आणि दुसऱ्या रकान्याच्या शेवटी आजोबांचं नाव, त्याच्यापुढे "नि. डा. हा. अं." असं आहे. याचा अर्थ काय?

जुनं दप्तर :

निशाणी डाव्या हाताचा अंगठा. म्हणजे सही नाही, अंगठा लावलाय.

पाणंद :

काका, आजोबा सही करायचे. आत्याला विचारलं तेव्हा ती ताडकन म्हणाली, "दादा चौथी शिकलेले, सही मोठी फर्राटेदार." १९६८ साली आजोबांनी विहिरीजवळचा तुकडा विकत घेतला होता, त्याच खरेदीखतात त्यांनी जुन्या जमिनीचा एक भागही लिहून दिला होता, असं ती सांगते. अदलाबदलीसारखं. मूळ कागद मात्र चुलत्यांच्या कपाटात आहे.

कायद्याचा विद्यार्थी :

मग सोपं आहे की. खरेदीखत नोंदलेलं आहे, म्हणजे सार्वजनिक दस्तऐवज झालं. दुय्यम निबंधकाकडून नक्कल आणा, आजोबांची सही सिद्ध.

दिवाणी बाजू :

विद्यार्थी मित्रा, एवढं सोपं नाही. इथे बरेच जण घसरतात, मुरलेले वकीलसुद्धा.

खरेदीखत हा दोन माणसांमधला खासगी दस्तऐवज. नोंदणी केल्याने त्याची जात बदलत नाही. सार्वजनिक आहे ती निबंधक कार्यालयाच्या वहीतली नोंद, म्हणजे खासगी दस्तऐवजाचा सार्वजनिक अभिलेख, कलम ७४ चा दुसरा भाग. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ५७(५) प्रमाणे निबंधकाच्या सही-शिक्क्याची नक्कल मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला चालते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अप्पैया विरुद्ध अंदिमुथू या प्रकरणात खरेदीखताची अशी नक्कल ग्राह्य धरली. पण मजकूर सिद्ध होणं वेगळं आणि दस्त त्या माणसानेच करून दिला हे सिद्ध होणं वेगळं. करून दिल्याचा वाद असेल तर साक्षीदार लागतो.

मात्र ताईंच्या कामाचं एक कलम आहे, ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. नोंदणी कायद्याचं कलम ६०. नोंदणीच्या वेळी दुय्यम निबंधक दस्तावर पृष्ठांकन करतो: कोण हजर होतं, कुणी दस्त करून दिल्याचं कबूल केलं, कुणी सही केली. नोंदणीचं प्रमाणपत्र असलं की त्या पृष्ठांकनातल्या घटना तशाच घडल्या याचा तो पुरावा होतो. म्हणजे १९६८ ला एक सरकारी अधिकारी आपलं कर्तव्य करताना लिहून ठेवतो की हा माणूस समक्ष आला आणि त्याने सही केली. तीन वर्षांनी दुसऱ्या सरकारी वहीत त्याच माणसाचा अंगठा येतो. हा फरक उलटतपासणीत चुलत्यांना समजावून सांगावा लागेल, आणि ते तितकं सोपं नाही.

ताई, मूळ दस्त चुलत्यांकडे आहे ना, तर त्यांना तो हजर करण्याची रीतसर नोटीस द्या. हजर केला तर सही समोर येईल. नाही केला तर तुमच्या नकलेची वाट मोकळी होते.

सांजवात :

मला वाटतं ताईंच्या मूळ काळजीवर अजून बोलायला हवं. फेरफारातली नोंद खरी धरतातच ना? माझ्या वडिलांच्या प्रकरणात आम्हाला सांगितलं होतं की नोंद म्हणजे नोंद, तिच्याविरुद्ध बोलता येत नाही.

दिवाणी बाजू :

सांजवात, ज्यांनी सांगितलं त्यांनी अर्धंच सांगितलं. जमीन महसूल संहितेचं कलम १५७ म्हणतं की अधिकार अभिलेखातली आणि फेरफार नोंदवहीतली प्रमाणित नोंद खरी आहे असं गृहीत धरायचं. त्याच वाक्यात पुढे आहे, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा नवी नोंद कायदेशीरपणे होईपर्यंत. म्हणजे ओझं आत्याबाईंवर आहे हे खरं आहे, मी ते लपवणार नाही. पण ते उतरवता येतं.

आणि फेरफार मालकी देत नाही. सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६), बलवंत सिंग विरुद्ध दौलत सिंग (१९९७), अगदी अलीकडे जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०२१), सर्वोच्च न्यायालय हे पुन्हा पुन्हा सांगत आलंय. फेरफार हा महसूल वसुलीसाठी असतो. स्थावर मिळकतीतला शंभर रुपयांवरचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, हे नोंदणी कायद्याचं कलम १७. चुलत्यांकडे हक्कसोडपत्र आहे का? फक्त वर्दी असेल तर प्रश्न उभा राहतो की हक्क गेला तरी कसा. हां, त्यांनी कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) आधीच तोंडी वाटप झालं होतं आणि वर्दी ही फक्त त्याची खबर होती, असं घेतलं असेल तर लढाई वेगळी होते. ताई, कैफियत पुन्हा वाचा. मला कळवा.

पाणंद :

वाचली. तोंडी वाटपाचा एक शब्द नाही. "वर्दीने हक्क सोडला" एवढंच आहे. मग ती मूळ वर्दीच तहसीलमधून मागवावी का? कोर्टामार्फत?

दिवाणी बाजू :

थांबा. इथे घाई करू नका.

वर्दी हा तुमच्या आजोबांच्या नावाचा अर्ज. सरकारी फाइलला लागला म्हणून त्यातला अंगठा आपोआप सिद्ध होत नाही. सरकारी दप्तरात असलेला प्रत्येक कागद सार्वजनिक दस्तऐवज नसतो. २०२३ मध्ये सौरव दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोषारोपपत्र कलम ७४ खाली येत नाही असं म्हटलं, त्यावरून अंदाज घ्या. तेव्हा आज वर्दी सिद्ध करण्याची गरज चुलत्यांना आहे, तुम्हाला नाही.

आणि मूळ वर्दी कोर्टात आली तर ती तीस वर्षांपेक्षा जुनी आहे, योग्य ताब्यातून आलेली आहे. कलम ९० (नवं ९२) प्रमाणे सही आणि हस्ताक्षराबद्दल न्यायालय अनुकूल गृहीतक धरू शकतं. हे गृहीतक मूळ कागदाला लागतं, नकलेला नाही. लाखी बरुआ प्रकरणात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. त्यांच्याकडे आज जे नाही ते तुम्ही आपल्या हाताने आणून देऊ नका. आधी अर्ज करून फाइल बघा. वर्दीत काय आहे ते कळल्यावर वकिलांबरोबर बसून ठरवा.

जुनं दप्तर :

फाइल बघायला अर्ज द्याल तेव्हा पोच घ्या. कुणी तोंडी "सापडत नाही" म्हणालं तर परत येऊ नका, तसं लेखी मागा. "दप्तरी आढळून येत नाही" हे लेखी उत्तरसुद्धा कोर्टात कामाचं असतं. मूळ अभिलेखच हरवला किंवा नष्ट झाला हे दाखवता आलं तर मग प्रमाणित नकलेशिवाय दुसऱ्या दुय्यम पुराव्यालाही वाट मिळते, वकीलसाहेब चुकत असेन तर सांगा.

दिवाणी बाजू :

चुकत नाही. कलम ६५ चा (क) खंड. फक्त हरवल्याचं पक्कं सिद्ध व्हायला हवं. शोध घेतला, कुठे घेतला, कुणी घेतला, हे साक्षीत यायला हवं.

सांजवात :

मी अपघात नुकसानभरपाईच्या प्रकरणात अडकले होते, त्यामुळे पोलीस कागदांबद्दल लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल. एफआयआरची प्रमाणित प्रत सहज निशाणी पडली. पण त्यातला मजकूर खरा आहे म्हणून कुणी मानला नाही, फिर्याद अमुक दिवशी अमुक माणसाने दिली एवढंच त्यातून निघतं असं वकिलांनी सांगितलं. शवविच्छेदन अहवालासाठी डॉक्टरांची साक्ष घ्यावी लागेल का यावर दोन तारखा गेल्या. शेवटी समोरच्यांनी कबूल केला म्हणून मिटलं.

दिवाणी बाजू :

कबुलीचा मुद्दा बरा निघाला. आदेश १२ नियम २ खाली समोरच्याला कागद कबूल करण्याची नोटीस देता येते. ती फार कमी जण देतात. फौजदारीत पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९४ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३३०. ज्या कागदावर वादच नाही त्यासाठी साक्षीदाराचा दिवस का घालवायचा?

आणि हरकत घ्यायची तर कागद समोर आला त्या क्षणी. वेंकटाचल गौंडर प्रकरणात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने फरक नीट सांगितला आहे. कागद मुळातच अग्राह्य असेल तर हरकत नंतरही घेता येते. पण सिद्ध करण्याच्या पद्धतीबद्दल हरकत असेल तर ती तेव्हाच घ्यावी लागते. तेव्हा गप्प बसलात तर पुढे अपिलात ती ओरड ऐकली जात नाही. कारण साधं आहे, तेव्हाच सांगितलं असतं तर समोरच्याने दोष भरून काढला असता.

कायद्याचा विद्यार्थी :

आत्यांच्या शाळेच्या दाखल्याचं काय? तो सरकारी शाळेचा असेल तर सार्वजनिक दस्तऐवज होईल ना?

दिवाणी बाजू :

शाळेच्या नोंदवहीतली नोंद कलम ३५ (नवं २९) खाली संबद्ध ठरते. पण १९८८ च्या बिरदमल सिंघवी प्रकरणात न्यायालयाने विचारलं की जन्मतारीख शाळेला सांगितली कुणी? आईवडिलांनी किंवा ज्याला माहीत होतं त्याने सांगितली हे दाखवलं नाही तर नोंदीला वजन येत नाही. मृत्यूच्या दाखल्याचं तसं नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १७ प्रमाणे निबंधकाने प्रमाणित केलेला उतारा जन्म किंवा मृत्यू सिद्ध करायला थेट चालतो. ताईंच्या दाव्यात वयाचा वादच नाही, नातं कबूल आहे, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर वेळ घालवू नये असं माझं मत.

पाणंद :

दीड महिन्याने लिहितेय. उशिरा दाखल करण्याचा अर्ज मंजूर झाला, थोडा खर्च बसला. सातबारा, आठ-अ आणि मृत्यूच्या दाखल्याला निशाण्या पडल्या, ४१ ते ४३. समोरचे वकील काही बोलले नाहीत.

वर्दीची फाइल बघायला अर्ज दिला. पोच घेतली. दोनदा खिडकीवरून परत पाठवलं, तिसऱ्यांदा मी लेखी द्या म्हटलं आणि बाकावर बसून राहिले. १९७१ ची फेरफार नोंदवही आहे, वर्दीची फाइल दप्तरी आढळत नाही, असं पत्र मिळालं.

खरेदीखताची नक्कल मात्र आली. १९६८. पृष्ठांकनात आजोबांचं नाव आहे आणि त्याच्यापुढे "सही". आत्याला दाखवली. चष्मा पुसून तिने ती ओळ दोनदा वाचली. मग आजोबांच्या नावावरून बोट फिरवत म्हणाली, "यालाही शिक्का आहे."

मूळ दस्त हजर करण्याची नोटीस चुलत्यांना गेली आहे. दिवाणी बाजू, त्या "आढळत नाही" पत्राचं काय करू? दाखल करू का?

दिवाणी बाजू :

आत्ता नको. फाइल नसल्याचं सिद्ध झालं तर दुय्यम पुराव्याची वाट त्यांनाही उघडते, आणि वर्दी सिद्ध करायची आहे ती त्यांना. पत्र वकिलांच्या फाइलला सांभाळून ठेवा. चुलते साक्षीला उभे राहिले की वर्दी कुठे आहे हा प्रश्न त्यांना विचारला जाईल. ते काय उत्तर देतात ते बघून मग पत्र काढायचं की नाही ते ठरेल. खरेदीखताच्या नकलेसाठी मात्र परवानगीचा अर्ज याच तारखेला द्या, आणि आत्याबाईंची फेरतपासणी (उलटतपासणीनंतर आपल्या वकिलांनी पुन्हा विचारायचे प्रश्न) बाकी असेल तर ती संपायच्या आत ती नक्कल त्यांच्या हातात द्यायला वकिलांना सांगा.